अंगावर पिणाऱ्या बाळाला लोहाचं औषध: कधीपासून, किती, आणि कुठल्या बाटलीतून?

सातपुडा_उपकेंद्र विचारते:

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका उपकेंद्राच्या यादीतली दोन बाळं समोर ठेवून विचारते. दोघंही साडेचार महिन्यांची, पूर्ण दिवसांची, निव्वळ अंगावर पिणारी. पाणीसुद्धा वरचं नाही.

मुलीचं जन्मवजन २.१ किलो, आजचं ५.४ किलो. तिला लोहाचं काहीच सुरू नाही. मुलाचं जन्मवजन ३ किलो, आज ६.५ किलो. त्याला तालुक्याच्या खासगी डॉक्टरांनी चौथा महिना लागताच लोहाचे ड्रॉप्स लिहून दिलेत, रोज अर्धा मिली.

आशाताईंचं म्हणणं, सहा महिने होईपर्यंत कोणालाच द्यायचं नाही, प्रशिक्षणात तसंच सांगितलंय. मुलीच्या आजीचं म्हणणं वेगळंच: सून लाल गोळ्या खाते, तेच दुधातून नातीला जातं, मग वेगळं कशाला? आणि उपकेंद्रात आहे ती फक्त सरकारी आयएफए (लोह व फॉलिक अॅसिड) सिरपची ५० मिलीची बाटली.

दोघांपैकी कोणाला द्यायचं, कोणाचं थांबवायचं, आणि मुलीला द्यायचं असेल तर त्या बाटलीतून किती?

---

बालरोग_विदर्भ लिहितात:

ताई, तुमच्या दोन बाळांत घाई मुलीची आहे आणि औषध मुलाला मिळतंय. अगदी नेहमीची अदलाबदल.

आधी आजींचं बघू. आईच्या दुधात लोह असतं लिटरमागे जेमतेम ०.३ ते ०.४ मिग्रॅ. आईने गोळ्या खाल्ल्या, अळीव खाल्ले, डिंकाचे लाडू खाल्ले तरी हा आकडा हलत नाही. आई रक्तक्षयी असली तरी फारसा उतरत नाही. लाल गोळ्या (६० मिग्रॅ लोह, बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक) आईच्या स्वतःच्या रक्तासाठी आहेत. त्या बंद करायच्या नाहीत, पण बाळाच्या खात्यात त्या धरायच्याही नाहीत.

बाळ पहिले सहा महिने जगतं ते पोटात असताना मिळालेल्या शिदोरीवर. ही शिदोरी जन्मवजनाच्या किलोमागे साधारण ७५ मिग्रॅ. आता हिशोब मांडा.

मुलगी: २.१ गुणिले ७५, म्हणजे १५७ मिग्रॅ घेऊन आली. आज तिचं वजन ५.४ किलो. किलोमागे ८० मिली धरलं तर अंगात ४३० मिली रक्त. हिमोग्लोबिन ११ (१०० मिली रक्तात ११ ग्रॅम) ठेवायचं तर ४७ ग्रॅम हिमोग्लोबिन लागतं, आणि एका ग्रॅमला ३.४ मिग्रॅ लोह, म्हणजे १६० मिग्रॅ. नुसत्या रक्तालाच सगळी शिदोरी लागली. स्नायू आणि मेंदू अजून हिशोबात धरलेलेच नाहीत. दुधातून रोज अंगी लागतं ते ०.१ मिग्रॅच्या आसपास, साडेचार महिन्यांत फार तर १५.

मुलगा: २२५ मिग्रॅ घेऊन आला. आज त्याच्या रक्ताला १९५ लागतंय. दुधातलं धरून हाताशी ४०-४५ शिल्लक. त्याला सहाव्या महिन्यापर्यंत ओढता येतं.

म्हणून नियम दोन आहेत, एक नाही. २,५०० ग्रॅमच्या वर जन्मलेल्या बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यावर. २,५०० ग्रॅमच्या खाली जन्मलेल्याला दोन महिन्यांपासून. आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये दुसरी ओळही आहे, पण पाठ होते ती पहिलीच. मुलीला अडीच महिने उशीर झालाय.

मात्रा: रोज किलोमागे २ मिग्रॅ मूळ लोह. ५.४ गुणिले २ म्हणजे १०.८ मिग्रॅ. सरकारी सिरपमध्ये १ मिलीत २० मिग्रॅ असतं, तर रोज अर्धा मिली. तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून कार्डावर लिहून घ्या, दर महिन्याला वजन करून मात्रा बदला. सहा महिने झाले म्हणून तिला इतर बाळांच्या आठवड्यातून दोनदा १ मिलीच्या रांगेत ढकलू नका. रोजचं चालूच राहू दे.

आणि एमसीपी (माता-बाल संरक्षण) कार्डावर जन्मवजनाची चौकट असते ना, तिथे २,५०० च्या खालचा आकडा दिसला की लाल पेनाने गोल करा. एवढ्यानेही काम होतं.

---

औषधनिर्माता_धुळे लिहितात:

डॉक्टरांनी मात्रा सांगितली. आता ती चुकते कुठे ते सांगतो, कारण आमच्या खिडकीवर रोज तेच दिसतं.

सरकारी आयएफए सिरप: १ मिलीत २० मिग्रॅ मूळ लोह, १०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. बाजारातले ड्रॉप्स: बऱ्याचदा १ मिलीत १० मिग्रॅ. बाजारातलं सिरप: बऱ्याचदा ५ मिलीत ३० मिग्रॅ, म्हणजे मिलीमागे फक्त ६. तिन्ही बाटल्या तपकिरी, तिन्हींवर 'लोह व फॉलिक अॅसिड'. ज्या घरात मोठ्या भावाला 'एक चमचा टॉनिक' चालू होतं, तिथे सरकारी बाटलीतूनही चमचाभर दिलं जातं. ५ मिली सरकारी सिरप म्हणजे १०० मिग्रॅ. तुमच्या मुलीच्या वजनाला किलोमागे साडेअठरा. विषबाधेची लक्षणं २० च्या आसपास सुरू होतात.

लेबल वाचताना 'मूळ लोह' किंवा 'एलिमेंटल आयर्न' हेच शब्द शोधा. फेरस सल्फेट, फ्युमरेट, अॅस्कॉर्बेट असं लिहून पुढे मोठा आकडा असेल तर तो क्षाराचा असतो, लोहाचा नाही. फेरस फ्युमरेटमध्ये लोह ३३ टक्के, फेरस ग्लुकोनेटमध्ये १२ टक्क्यांच्या आसपास. आकडा मोठा दिसतो, लोह थोडंच.

बाटलीचा ऑटो-डिस्पेन्सर (दाबलं की मोजून औषध देणारं तोंड) १ मिलीसाठी बनवलेला आहे. त्यातून अर्धा मिली अंदाजाने काढू नका. १ मिलीची सुई नसलेली ट्युबरक्युलिन सिरिंज द्या, ०.५ च्या रेघेवर पेनाने खूण करून. इन्सुलिनची सिरिंज देऊ नका: तिच्यावर मिली नसून युनिट असतात, ४० ची वेगळी आणि १०० ची वेगळी, शिवाय बहुतेकींची सुई निघत नाही. थेंब मोजून तर अजिबात नको. '१ मिली म्हणजे २० थेंब' हे पाण्याचं गणित झालं. साखरेचा पाक थेंबाला जाड असतो.

डिस्पेन्सरच्या तोंडाशी सिरप वाळून खडा धरतो. मग दाबलं की पाऊण मिली येतं आणि पाव हवा. आठवड्यातून एकदा तो कोमट पाण्यात बुडवून धुवायचा, पूर्ण सुकवायचा, मगच लावायचा. ओला लावला तर सिरप बिघडतं. बाटली चुलीजवळच्या फळीवर किंवा पत्र्याच्या भिंतीला टेकवून ठेवली तरी तेच. आंबूस वास आला किंवा तळाशी गाळ बसून हलवूनही मिसळेना, की बदलून घ्या.

---

आकडे_बोलतात लिहितात:

मुलाच्या बाबतीत थोडं वेगळं म्हणतो. खासगी डॉक्टरांनी काही अघोरी केलेलं नाही. अमेरिकेच्या बालरोग अकादमीची २०१० ची शिफारसच आहे: निव्वळ अंगावर पिणाऱ्या पूर्ण दिवसांच्या बाळाला चार महिन्यांपासून रोज किलोमागे १ मिग्रॅ. ६.५ किलोला ६.५ मिग्रॅ. १० मिग्रॅच्या ड्रॉप्समधून अर्धा मिली म्हणजे ५ मिग्रॅ, थोडं कमीच. युरोपातले बालरोगतज्ज्ञ सरसकट असं देत नाहीत. आपल्याकडेही नाही.

मी असतो तर मुलाच्या जन्माची नोंद बघितली असती. नाळ लगेच कापली की एक ते तीन मिनिटं थांबून? थांबलं तर ३० ते ५० मिग्रॅ लोह जादा मिळतं. वर डॉक्टरांनी जी 'शिल्लक' काढली, तेवढीच रक्कम झाली की ही! आईचं हिमोग्लोबिन गरोदरपणी सातच्या खाली होतं का, जुळं होतं का, बाळाचं रक्त तपासण्यांसाठी वारंवार काढलं गेलं का? यातलं काही असेल तर चार महिन्यांपासून ड्रॉप्स ठीक. काहीच नसेल, बाळ नीट पीत असेल, तर बंद केले तरी बिघडत नाही, फक्त सहाव्या महिन्याला सरकारी सिरप चुकता कामा नये. दोन्ही एकदम मात्र नकोत.

आता आकड्यांबद्दल, कारण ते ऐकून लोक एक तर घाबरतात नाही तर भरमसाट देतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातली ६ ते ५९ महिन्यांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली, चौथ्यात (२०१५-१६) ५३.८ होती. देशाचा आकडा ६७.१. पण तिथे बोट टोचून थेंब घेतला होता. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतलं, तर १ ते ४ वर्षांतली ४१ टक्के. वयोगट थोडा वेगळा, हे मान्य. पण एवढी तफावत नुसत्या वयाने येत नाही. थेंब कसा घेतला याने निम्मा फरक पडत असेल तर तपासणी करणाऱ्याच्या हाताकडे बघायला हवं.

औषधाने काय मिळतं तेही मोजून सांगायला हवं. बांगलादेशातल्या खेड्यांत आठ महिन्यांच्या ३,३०० बाळांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये छापून आला: तीन महिने रोज १२.५ मिग्रॅ लोह, सिरप किंवा पुडीतून. हिमोग्लोबिन वाढलं, पण बौद्धिक वाढीत फरक दिसला नाही. उलट स्वीडनमध्ये २ ते २.५ किलोच्या बाळांना सहा आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत दिलं, तर साडेतीन वर्षांच्या वयात वागणुकीच्या तक्रारी कमी दिसल्या. म्हणजे घाई कोणाची, याचं उत्तर तेच: मुलीची.

एक गंमत. जागतिक आरोग्य संघटना सांगते ६ ते २३ महिन्यांत रोज १० ते १२.५ मिग्रॅ, वर्षातून सलग तीन महिने. बेरीज वर्षाला ९०० ते ११२५. आपलं आठवड्यातून दोनदा १ मिली म्हणजे वर्षाला १०४ मात्रा, २,०८० मिग्रॅ. कागदावर आपण दुप्पट देतो. बाळाच्या तोंडात किती पडतं हे बाटलीच्या पातळीवरून कळतं. ५० मिली २५ आठवडे पुरायला हवी. तीन महिन्यांनी बाटली गळ्यापर्यंत भरलेली असेल तर रजिस्टरातल्या बरोबरच्या खुणा कोणासाठी आहेत?

---

सातपुडा_उपकेंद्र लिहिते:

मुलीचं उद्याच वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून लिहून घेते. अजून तीन गोष्टी. सुरू करण्याआधी तिचं हिमोग्लोबिन करायचं का? इथे सिकलसेलची कुटुंबं बरीच आहेत, त्यांना लोह चालतं का? आणि ज्यांना सुरू करतो त्यांतली निम्मी 'शी काळी झाली' म्हणून पंधरा दिवसांत बंद करतात, त्याचं काय करायचं?

---

नर्सताई_कोकण लिहितात:

काळ्या शीचं पहिल्याच दिवशी, बाटली हातात देतानाच सांगायचं. नंतर सांगितलं की सारवासारव वाटते. शब्द असे: 'शी काळपट-हिरवट होईल, तीन दिवसांत दिसेल. दिसली म्हणजे औषध पोटात पोचलं.' पण फरकही सांगा. लोहाची शी काळी, घट्टसर. डांबरासारखी चिकट, चकाकणारी, घाण वास मारणारी किंवा लाल रेघा असलेली शी म्हणजे दवाखाना.

देण्याची रीत: बाळ मांडीवर, डोकं कोपरावर उचललेलं. आडवं झोपवून नाही. सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला, जिभेच्या मधोमध नाही. अर्धा मिली दोन घासांत, मधे गिळू द्यायचं. लगेच छातीला घ्यायचं, चव जाते. अंगावरच्या दुधाने काही अडत नाही, बरण्या-पिशव्यांच्या दुधाने अडतं. बोंडल्यात घालून पाजायचं नाही, निम्मं भिंतीला चिकटून राहतं. गुटीत उगाळून मिसळणं तर नकोच: हिरडा-मायफळातला तुरटपणा लोहाला धरून ठेवतो, आणि गुटी सहा महिन्यांच्या आत मुळात द्यायचीच नाही.

दात आलेल्या बाळाला दिल्यावर ओल्या फडक्याने दात पुसून घ्या, डाग धरतात. डाग वरवरचे असतात, निघतात.

पाच-दहा मिनिटांत सगळं ओकलं तर एकदाच परत द्या. रोज ओकत असेल तर मात्रा सकाळ-संध्याकाळ अर्धी-अर्धी करा, बंद करू नका. शी कडक झाली तरी तसंच.

ताप, जुलाब, न्यूमोनिया असेल तेव्हा थांबवायचं, बरं वाटलं की सुरू. जुलाबात झिंक १४ दिवस चालतं, पण लोहासाठी १४ दिवस थांबू नका, जुलाब थांबले की लोह वेगळ्या वेळेला सुरू. इथेच साखळी तुटते. 'ताप आला म्हणून बंद केलं' ते कायमचंच. कॅलेंडरवर दिलेल्या दिवशी टिंब आणि तापाच्या दिवशी फुली, असं घरच्यांकडूनच मारून घ्यायचं. वाचता येत नसलं तरी जमतं. आठवड्यातून दोनदा वाल्यांसाठी बाजाराचा दिवस आणि त्याच्यानंतरचा चौथा दिवस धरा. 'मंगळवार-शुक्रवार' लक्षात राहत नाही, बाजार राहतो.

सहा महिन्यांनंतरच्या आहाराचं एकच सांगते. डाळीचं पाणी म्हणजे पाणीच. डाळ घोटून खाली बसलेली द्यायची, वर लिंबाचे दोन थेंब. नाचणीचं सत्त्व चांगलं, पण १०० ग्रॅम नाचणीत लोह ४-५ मिग्रॅ आणि त्यातलंही थोडंच अंगी लागतं, आणि बाळ दिवसाला खातं दोन चमचे. अंडं, काळीज, मासे, खारं काढून धुतलेला जवळा कुटून, जे घरात चालतं ते. वर्षाच्या आत गाईचं दूध पातेल्याने नको, लोह नाही आणि आतड्यातून बारीक रक्तस्राव होतो. आणि बिस्कीट चहात बुडवून... ते तर तुम्ही रोज बघत असाल.

---

बालरोग_विदर्भ लिहितात:

नर्सताईंनी माझं काम हलकं केलं. उरलेलं सांगतो.

हिमोग्लोबिन: प्रतिबंधक मात्रेसाठी तपासणीची वाट बघू नका, मुलीला सुरू करा. ती फिकी दिसत असेल (तळहात आणि डोळ्यांच्या पापण्यांची आतली बाजू बघा, ओठ नको) तर मात्र आधी तपासा. साडेचार महिन्यांच्या बाळाचं बोट नाही, टाच टोचायची, तीही कडेला, मधोमध नाही. पाय आधी हातात धरून गरम करा. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसायचा, स्पिरिट पूर्ण वाळलेलं हवं. पिळून काढलेल्या थेंबात रक्ताबरोबर ऊतीतलं पाणी येतं आणि आकडा खोटाच खाली जातो. वर 'आकडे_बोलतात' म्हणतात त्या तफावतीचा मोठा भाग इथे असावा. पट्टीचा कोड आणि मशीनवरचा कोड जुळतोय ना, हेही बघा.

सहा महिन्यांच्या पुढे ७ ते १०.९ आलं तर उपचाराची मात्रा: रोज किलोमागे ३ मिग्रॅ, दोन महिने. सात किलोच्या बाळाला साधारण १ मिली रोज. त्या काळात आठवड्यातून दोनदाचं वेगळं द्यायचं नाही. महिन्याभरात आकडा १ ग्रॅमनेही वर सरकला नाही तर आधी बाटलीची पातळी बघा. बाटली रिकामी होतेय आणि तरी आकडा हलत नाही, मग वर पाठवा. ७ च्या खाली असेल तर थांबायचं नाही, त्याच दिवशी पाठवायचं.

सिकलसेल: वाहक (एएस) बाळाला प्रतिबंधक लोह इतरांसारखंच. आजारी (एसएस) बाळाला किंवा थॅलेसिमियाच्या, वारंवार रक्त चढवलेल्या मुलाला तुम्ही स्वतःहून द्यायचं नाही. चढवलेल्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर लोह आत जातंच, फेरिटिन (अंगातल्या लोहसाठ्याची रक्ततपासणी) बघूनच ठरतं. आणि लक्षात ठेवा, सहा महिन्यांच्या आत सोल्युबिलिटी (सिकलची झटपट) चाचणी भरवशाची नाही, गर्भातलं हिमोग्लोबिन अजून असतं, सिकल असूनही 'नाही' येऊ शकतं. या वयात एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी. आई-वडिलांची सिकलसेलची कार्डं आधी बघा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

मलेरियाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण गडचिरोलीकडून कोणी वाचत असेल तर. झांझिबारच्या पेंबा बेटावर लहान मुलांना सरसकट रोज १२.५ मिग्रॅ लोह दिलं, तेव्हा गंभीर आजार आणि मृत्यू मिळून १२ टक्क्यांनी वाढले आणि २००६ मध्ये छापून आलेला तो अभ्यास मधेच थांबवावा लागला. तिथेही ज्या मुलांत लोह खरंच कमी होतं आणि मलेरियावर लगेच इलाज होत होता, त्यांना फायदाच दिसला. म्हणून मलेरियाच्या गावात लोह बंद नाही, पण ताप आला की त्याच दिवशी रॅपिड टेस्ट, आणि मच्छरदाणीत बाळ झोपतं का, हे बाटली देताना विचारायचं.

अतिकुपोषित (सॅम) बाळ असेल तर त्याचा वेगळा क्रम आहे. पहिल्या, अंग सावरण्याच्या टप्प्यात लोह देत नाहीत, वजन वाढायला लागल्यावर देतात. तेव्हा ते पोषण पुनर्वसन केंद्रातून ठरू द्या.

---

सातपुडा_उपकेंद्र लिहिते:

कळलं. शेवटचं: घरात आता ५० मिलीची बाटली आणि आईच्या गोळ्यांची पाकिटं दोन्ही राहणार. मुलीचा चार वर्षांचा भाऊ आहे.

---

औषधनिर्माता_धुळे लिहितात:

बरं झालं विचारलंत. भरलेली बाटली म्हणजे १,००० मिग्रॅ लोह. चार वर्षांचं मूल १३ किलोचं धरलं तर किलोमागे ७७. किलोमागे ६० च्या वर जिवावर बेततं. आईच्या लाल गोळ्या १३ खाल्ल्या तरी तेवढंच होतं, आणि त्या गोळ्या दिसायला थेट गोड गोळ्यांसारख्या.

फळीवर नको, तो पाटावर पाट ठेवून चढतो. खुंटीला टांगलेल्या डब्यात, झाकण आवळून. देताना 'गोड आहे, चॉकलेट आहे' म्हणायचं नाही, भाऊ ऐकत असतो.

प्यायलंच तर मिठाचं पाणी पाजून ओकवायचं नाही, कोळसा (चारकोल) लोहाला धरत नाही. बाटली आणि उरलेल्या गोळ्या हातात घेऊन थेट ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय, जिथे डेस्फेरिऑक्सामिन (लोहाच्या विषबाधेवरचं इंजेक्शन) मिळेल तिथे. पहिल्या सहा तासांत उलट्या, रक्ताचे जुलाब होतात, मग मूल सावरल्यासारखं दिसतं, खेळायलाही लागतं. घरचे तिथूनच परत फिरतात. फिरू देऊ नका, खरा धोका त्याच्या पुढच्या दिवसात असतो.